आवाज चालू असेपर्यंत

२७ जानेवारी, सोमवार

आज नव्या पेशंटचा मास्क केला. वय एकाहत्तर, स्वरयंत्राचा कॅन्सर, आयुष्यभर बांधकामावर क्रेन चालवलेली. वहीत कुणाचं नाव लिहायचं नाही हा माझा नियम, म्हणून ते 'क्रेनवाले'.

मास्कचं काम मला आवडतं. जाळीचा प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात टाकला की कापडासारखा लुळा पडतो. तो चेहऱ्यावर, मानेवर, खांद्यांवर ताणून बसवायचा आणि निवून कडक होईपर्यंत नाकाच्या, हनुवटीच्या कडा बोटांनी दाबून धरायच्या. पुढचे सहा आठवडे रोज याच मास्कने माणसाला टेबलाला जखडायचं आणि किरण सोडायचे. मिलिमीटरभर सरकलेलं चालत नाही. माझ्या बोटांखाली लोक कधीकधी रडतात. मी तेव्हाही कडाच बघते.

क्रेनवाले रडले नाहीत. मास्क काढल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तू फार बोलत नाहीस."

मी म्हटलं, कामात गरज पडत नाही.

आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "पहिल्यापासून मुखस्तंभ. तिकडे जाऊन तरी सुधारशील वाटलं होतं."

३ फेब्रुवारी, सोमवार

क्रेनवाल्यांचा पहिला दिवस. टेबलावर घेतलं, मास्क अडकवला, लेझरच्या रेघा खुणांवर जुळवल्या. "आता हलू नका. काही वाटलं तर हात वर करा," असं सांगून आम्ही दोघं बाहेर आलो आणि जाड दार लावून घेतलं. आम्ही दोघं म्हणजे मी आणि शिट्टी. तो माझा जोडीदार; दिवसभर तोंडाने शिट्टी वाजवत असतो, म्हणून हे नाव. बाहेरच्या खोलीतून आम्ही पेशंटला कॅमेऱ्यात बघतो. बोलायला माइक आहे.

मशीन फिरायला लागलं आणि लगेच त्यांचा हात वर. किरण थांबवले, आत धावलो, मास्क सोडवला. कपाळावर जाळीचे ठसे, श्वास लागलेला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी कसंबसं पार पडलं.

"मास्कची भीती," शिट्टी म्हणाला. "आठवडाभरात जाते."

५ फेब्रुवारी, बुधवार

गेली नाही. आज किरण पूर्ण देताच आले नाहीत. क्रेनवाले उठले, जॅकेट घातलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. डॉक्टर आले. त्यांनी काही गुळमुळीत न ठेवता सांगितलं, की अर्धवट सोडलंत तर गाठ परत वाढेल, मग स्वरयंत्रच काढून टाकावं लागेल. आवाज कायमचा जाईल, आणि त्यानेही भागेलच असं नाही.

"मग जाऊ दे," क्रेनवाले म्हणाले.

डॉक्टरांनी उद्यापर्यंत विचार करायला सांगितलं. न्यायला येणारा शेजारी आला नव्हता, म्हणून मला त्यांच्याजवळ बसवलं. बसून नुसतं काय करायचं, म्हणून विचारलं, "तुम्हाला बंद जागेची भीती वाटते का?"

"चाळीस वर्षं कपाटाएवढ्या केबिनमध्ये काढलीत, मुली. तीही आभाळात."

"मग?"

"तुम्ही लोक गप्प बसता."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. माल कुठे उतरतोय ते क्रेनवाल्याला पुष्कळदा दिसत नाही, इमारतच आड येते. खाली एक माणूस उभा असतो. तो रेडिओवर बोलत राहतो, खाली, खाली, अजून खाली, जरा डावीकडे. सांगण्यासारखं काही नसलं तरी बोलतच राहतो. वरच्याने त्या आवाजावर हात चालवायचा.

"आणि आवाज थांबला की सगळं थांबवायचं. रेडिओ बिघडला की तो माणूसच मालाखाली आला, वरून कसं कळणार? आधी हात थांबतो, डोकं मागून येतं." मग स्वतःच्या उजव्या हाताकडे परक्यासारखं बघत म्हणाले, "तुम्ही मला बांधता, हलू नका म्हणता, दार लावता. त्यानंतर काहीच नाही. हा आपला आपण वर जातो."

आम्हाला शिकवलेल्या कार्यपद्धतीत माइकवरून दोनच वाक्यं आहेत. सुरू करतोय. झालं. मधल्या शांततेबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही.

मी म्हटलं, उद्या या. मी बोलत राहते.

"तू?" ते म्हणाले. पहिल्यांदाच हसले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आले.

माइकचं बटण दाबून धरलं. मशीन आता डावीकडे फिरतंय, आता वर आलंय, आता थांबेल, हे सगळं सांगितलं. ते संपलं. बाहेर ढग आहेत, असं सांगितलं. तेही संपलं. शिट्टी हाताने चालू ठेव, चालू ठेव अशी खूण करत होता. इथल्या भाषेत मला कामाचं सगळं बोलता येतं, बिनकामाचं काही येत नाही. खरं तर मराठीतही येत नाही. पडद्यावर त्यांची बोटं हलायला लागलेली दिसली आणि माझ्या तोंडून निघालं, बे एके बे.

मग बे दुणे चार. मग थांबायची गरजच उरली नाही.

बाबा वजनकाट्यावर कारकून होते. ट्रक काट्यावर चढून उतरेपर्यंत त्यांचा तोंडी हिशोब झालेला असायचा. मला सुई टोचायची असली, दात काढायचा असला, घरात अचानक अंधार झाला, की म्हणायचे, "तू म्हण, मी ऐकतो." मी पाढे म्हणायची. चुकलं तर रागावायचे नाहीत, फक्त चुटकी वाजवायचे. पाढा संपेपर्यंत सुई टोचून झालेली असायची.

आज मी तेरापर्यंत गेले. हात वर आला नाही. मास्क काढल्यावर क्रेनवाल्यांनी विचारलं, "ते काय होतं? प्रार्थना?"

"गणित."

"बरं झालं. प्रार्थना असती तर मी घाबरलो असतो."

९ फेब्रुवारी, रविवार

घरी फोन. बाबांना सगळं सांगितलं. खूश झाले. "कुठपर्यंत म्हटलेस?" तेरा, मी सांगितलं. आई मध्ये तिचं काहीतरी सांगत होती, तेवढ्यात त्यांनी परत विचारलं, "पाढे कुठपर्यंत म्हटलेस?" आई घाईघाईने म्हणाली, "अगं, तुझा आवाज तुटक येतोय इकडे."

त्यांच्याकडचं नेट बदलून घ्यायला सांगितलं. कोणतं घ्यायचं तेही पाठवलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या विभागाच्या मुख्य बाईंनी बोलावलं. दुसऱ्या मशीनवरच्या कुणीतरी चुगली केली होती, की मी माइकवर परक्या भाषेत काहीतरी पुटपुटत असते. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या तुला त्याला 'हलू नका' सांगायचं असलं आणि त्याला वाटलं हेही त्या गाण्यातलंच, तर?"

मुद्दा बरोबर होता. मी तसं म्हटलं. ठरलं ते असं: सूचना इथल्या भाषेत, आधी त्यांच्या नावाने हाक मारून, मधली भर पाढ्यांची. मी निघताना बाईंनी आठवण करून दिली की माझी उमेदवारी मार्चअखेर संपते, नोकरी पक्की करायची की नाही ते तेव्हा ठरेल.

शिट्टी दाराबाहेरच होता. "फासावर चढवलं का?"

"नाही."

"अरेरे. मी तुझी खुर्ची घेणार होतो, तिची चाकं नीट आहेत."

तो आता सातच्या पाढ्याची चाल शिट्टीवर वाजवतो. 'सात नवे त्रेसष्ट' कुठे आलं ते मला ऐकून कळतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

क्रेनवाल्यांचा घसा आतून सोलवटलाय. गिळताना डोळे मिटून घेतात. आवाज म्हणजे नुसती हवा. तरी आल्या आल्या विचारतात, "खाली कोण आहे आज?" मी आहे म्हटलं की मगच टेबलावर चढतात. काल माझी सुट्टी होती, तर शिट्टीने म्हणे फुटबॉलच्या जुन्या मॅचचं धावतं वर्णन केलं. "चालला," एवढाच क्रेनवाल्यांचा शेरा.

आज मात्र माझ्याकडून चूक झाली. रोज तेच नको म्हणून वीसच्या पुढे गेले. एकोणतीसच्या पाढ्यात, साते या जागी, अडकले. उत्तर काढता येतं, तीस साते दोनशे दहा, त्यातून सात वजा करायचे, पण ते काढलेलं उत्तर, म्हटलेलं नव्हे. तेवढ्यात आवाज थांबला. हात वर आला. किरण थांबवावे लागले, पुन्हा सगळं जुळवावं लागलं.

मी माफी मागितली. त्यांनी हात झटकला. "खालचा माणूसही कधी शिंकतो," ते कुजबुजले. "पण शिंकण्याआधी सांगायचं."

२३ फेब्रुवारी, रविवार

व्हिडिओ कॉलवर बाबांना म्हटलं, एकोणतीसचा पाढा एकदा म्हणून दाखवा, माझा सातेपाशी अडतो.

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू म्हण, मी ऐकतो."

किती वर्षांनी ऐकतेय हे वाक्य! मी म्हणायला लागले. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. या वेळी साते दोनशे तीन बरोबर आलं, पण घाईत आठे दोनशे बेचाळीस म्हणून गेले. म्हटल्या म्हटल्या कळलं, बत्तीस हवं होतं. चुटकी आली नाही. बाबा मान हलवत होते. "शाब्बास," म्हणाले.

मोबाइलला चुटकीचा आवाज पकडता येत नसावा. अचानक येणारे छोटे आवाज तो गोंगाट समजून गाळतो.

बाबा बारीक दिसले. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. आईला म्हटलं, जरा लक्ष दे की त्यांच्याकडे.

२ मार्च, रविवार

बाबा झोपले होते. आईने मला माझ्या कामातलं विचारलं, हे नवलच. डोक्याचा एमआरआय करायचा असला तर किती वेळ पडून राहावं लागतं? आवाज फार होतो का? माणूस मध्येच उठून बसला तर?

"कुणाचा करायचाय?"

"शेजारच्यांचा."

मी नीट सगळं सांगितलं. की धातूचं काही अंगावर नको, कानाला हेडफोन लावतात, त्यातून बाहेरचा माणूस बोलू शकतो. घाबरणारा माणूस असेल तर आदल्या दिवशी मशीन दाखवून आणावं. ओळखीचा आवाज असला तर फार फरक पडतो, हे मी इथे डोळ्यांनी बघतेय. मध्येच उठला तर चित्रं हलतात, सगळं पहिल्यापासून करावं लागतं. आई लिहून घेत होती.

"आई, हे त्यांच्या मुलांनी बघायला हवं. तू कशाला धावपळ करतेस?"

"मुलं लांब असतात," ती म्हणाली. "त्यांची त्यांची कामं असतात."

६ मार्च, गुरुवार

क्रेनवाल्यांचं वजन उतरलंय, मास्क गालांवर सैल झाला होता. परत मोजमाप, परत नवा मास्क. कडा दाबून धरताना त्यांच्या जबड्याचं हाड बोटांना पूर्वीपेक्षा जवळ लागलं. त्यांनी आज 'खाली कोण' विचारलं नाही. बोलताच येत नाही. बाकावर बसून मान हलवून नको म्हणाले. डॉक्टर समजावत होते. शेजारी समजावत होता. मी बाजूला उभी होते, मला असं समजावता येत नाही.

शेवटी मी आत गेले आणि माइकवरून बाकाच्या वर लावलेल्या स्पीकरवर म्हणायला लागले. सतराचा. बाहेर बसलेले सगळे वर बघायला लागले असणार.

सतराचा संपायच्या आत ते दारात उभे होते, जॅकेट काढत.

मुख्य बाई लांबून बघत होत्या.

१४ मार्च, शुक्रवार

क्रेनवाल्यांचा शेवटचा दिवस. पाढे दोनपासून वीसपर्यंत, अडखळण नाही. गाठ गेली की नाही ते काही महिन्यांनी तपासल्यावर कळेल. आवाज किती परत येईल, तेही.

मास्क घरी नेणार का, विचारलं. बरेच जण नेतात. त्यांनी मान हलवली, नको. मग माझ्यासमोर उभे राहून दोन्ही हात पोटापुढे एकमेकांत घट्ट अडकवले आणि तसेच धरले. मला वाटलं, आभार मानतायत. मी मान झुकवली. त्यांनी शेजाऱ्याला कोपर मारलं. तो म्हणाला, "ही क्रेनची खूण आहे. सगळं आहे तिथे पक्कं करा, काम थांबलं."

मी पण तशी खूण केली. ते गेले.

मला वाईट वाटलं वगैरे नाही. दुपारचं जेवण तेवढं राहून गेलं.

मुख्य बाईंनी संध्याकाळी सांगितलं, नोकरी पक्की. घरी कळवलं. आईने "हो का" म्हटलं आणि रडायला लागली. आनंदाने, असं मी धरून चालले.

१५ मार्च, शनिवार

आनंदाने नव्हतं.

शेजारच्यांना काही झालेलं नाही. एमआरआय बाबांचा करायचाय. बिनडोक यंत्रासारखं मी काल तिला विचारत राहिले, तिकीट पाठवू का, इकडे कधी येता. आज तिने सगळं सांगितलं. पाच-सहा महिने झाले. आधी शब्द विसरायचे, मग गॅस, मग घरी यायची वाट. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात. डॉक्टरांना वाटतं, डोक्यात पाणी साचलेलं असू शकतं. तसं असलं तर ते काढता येतं आणि माणूस बराचसा परत येतो. नसलं, तर काही करता येणार नाही. एमआरआय केल्याशिवाय कळणार नाही. दोनदा नेलं. दोन्ही वेळा बाबा उठून बसले, हेडफोन फेकून दिले. हृदयाच्या दुखण्यामुळे गुंगीचं औषध देता येत नाही.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुझं पक्कं व्हायचं होतं. ह्यांनीच सांगितलं होतं, तिला कळू द्यायचं नाही. तेवढं अजून लक्षात आहे त्यांच्या."

चुटकी वाजलीच नव्हती. मी मोबाइलला दोष दिला होता, आणि कारणासकट.

आईला म्हटलं, तिसऱ्यांदा वेळ घे. मी येईपर्यंत थांबायचं नाही. आणि तिथल्या तंत्रज्ञाचा नंबर दे.

१८ मार्च, मंगळवार

तिकीट रविवारचं मिळालं. मुख्य बाईंनी रजा दिली, वर म्हणाल्या, "खुर्ची कुणी घेणार नाही."

तिथल्या तंत्रज्ञाशी काल बोलून ठेवलं होतं. वयाने मोठे वाटले. त्यांच्याकडचा माइक कसा आहे, हेडफोन जोडलाय का, एकेक फेरी किती वेळाची, सगळं विचारून घेतलं. ते म्हणाले, "ताई, फोन माइकला लावून धरणं नियमात बसत नाही."

मी म्हटलं, माहीत आहे. मीही असंच काम करते.

"मग तुम्हाला काय सांगणार. धरतो."

आज दुपारी मास्कच्या खोलीत बसले. गरम पाण्याचं भांडं चालू होतं, त्याची घरघर होती. शिट्टी दाराबाहेर उभा राहिला, कुणाला आत सोडलं नाही. फोनवर आईचा आवाज, मग तंत्रज्ञांचा, "आत घेतलंय. बोला."

बे एके बे.

मशीनचा ठोकल्यासारखा आवाज फोनमधून येत होता. त्यावरून म्हणत गेले. दोन, तीन, चार. पाचच्या पाढ्यात मशीन एका फेरीनंतर थांबलं आणि बाबांचा आवाज आला, लांबून, नळीतून आल्यासारखा.

"कोण बोलतंय?"

तंत्रज्ञ म्हणाले, "ताई, हात उचलतायत."

बाबा, मी, असं म्हणणार होते. पण 'मी' म्हणजे कोण, हे त्यांना कळेलच याची खात्री नव्हती. म्हणून म्हटलं, "मी खाली आहे. तुम्हाला दिसत नाहीये, पण मी इथेच उभी आहे. हलू नका. मी म्हणते, तुम्ही ऐका."

मग तंत्रज्ञ, "हं. हात खाली. थांबू नका."

पाच सक तीस.

मशीन सुरू व्हायचं, थांबायचं. मी म्हणत होते. दाराच्या फटीतून शिट्टीने पाण्याचा पेला आत सरकवला, प्यायला मात्र थांबले नाही. वीस झाले. तेवीस, सव्वीस. एकोणतीसला आले तेव्हा घसा इतका सुकला होता, की सातेपाशी आवाज चिरकला. शब्द आला. दोनशे तीन. आठे दोनशे बत्तीस. कान फोनला चिकटवून होते. चुटकी वाजली नाही. या वेळी चुकलंच नव्हतं.

तीस दाहे तीनशे.

"ताई," तंत्रज्ञ हळूच म्हणाले, "शेवटची फेरी राहिलीय. अगदी शांत पडलेत. ओठ हलतायत त्यांचे."

पुढचे पाढे मला येत नाहीत. परत पहिल्यापासून सुरू केलं.